कर्ता प्रवासात आहे

३ फेब्रुवारी

भोवऱ्या,

आशीर्वाद तुला न मागता मिळत आले आहेत, तसे ते आजही आहेत असं समज. तुझा पत्ता तुझ्या जुन्या दोस्ताने, लंबूने दिला. तो तिकडे कुठल्याशा कारखान्यात यंत्रं बसवायला गेला होता. बाजारात तू दिसलास म्हणून तुझ्या मागोमाग दारापर्यंत आला. आत बोलावलं नाहीस, त्याचं त्याला फारसं वाईट वाटलेलं नाही. दाराबाहेरच्या चपलांबद्दल तो काहीतरी सांगत होता, पण नेमकं तेव्हाच गॅसवरचं दूध उतू गेलं आणि ते बोलणं राहिलं.

इकडे मी, सूनबाई आणि तुझी चिमणी, तिघं बरे आहोत. मी सकाळी बाल्कनीत बसतो आणि शाळेतल्या कविता एकेक करून म्हणून बघतो, कुठली शाबूत आहे आणि कुठलीची ओळ गळली आहे ते. तू म्हणशील, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही. खरं आहे. पोस्टात आयुष्यभर इतरांची पत्रं गावांप्रमाणे लावली, आता स्वतःच्या आठवणी लावतो. परवा जहाजाची ती लांबलचक कविता आठवली. स्नेहसंमेलनात तू ती म्हणायला उभा राहायचास आणि दरवर्षी शेवटच्या कडव्यापाशी अडकायचास. मी खिडकीबाहेर उभा राहून पहिला शब्द सांगायचो आणि तू पुढे धडाधड म्हणून टाकायचास. गुरुजींना ते ठाऊक होतं. म्हणायचे, "पोरगा एक, पाठांतर दोघांचं."

असो. कामाचं लिहितो. सूनबाईने सरकारी कर्जाला अर्ज केला आहे. नोकरी गेलेले, घरी बसलेले, ज्यांना बँकेचा शिपाईसुद्धा खुर्ची देत नाही, अशांसाठी ही योजना आहे. पैसा सरकारचा, तारण काही नको. 'विनातारण' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, ज्यांना तारायला कोणी नाही त्यांच्यासाठी असावं. अर्थ तोच निघाला म्हणायचा.

ती पंखे आणि मिक्सरच्या मोटारी दुरुस्त करते. तुला आश्चर्य वाटेल किंवा वाटणारही नाही. कंपनी बंद पडल्यावर तू मागच्या खोलीत शेजाऱ्यांचे पंखे वाइंड करत, नवी तार गुंडाळत बसायचास आणि ती तार धरायची, ओरडा खायची. तेवढ्यावर ती शिकली. तू गेल्यावर तिने गुंडाळलेला पहिला पंखा उलटा फिरला. समोरचे काका म्हणाले, "वारा छताला लागतोय, पण फिरतोय तर खरा." आता तिचा एकही पंखा उलटा फिरत नाही. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याच्या डोळ्यांना दिसेनासं झालंय, त्याला दुकान सोडायचं आहे. महिनाअखेरपर्यंत सूनबाईसाठी थांबतो म्हणाला. त्यानंतर मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण टपून बसला आहे, त्याला देणार. कर्ज मिळालं तर दुकान, वाइंडिंग मशीन आणि तारेची रिळं येतील. नाही मिळालं तर तिला मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं चिकटवायला जावं लागेल. तिथली बोलणी झालीच आहेत.

एक अडचण आली. घराची तपासणी करायला एक बाई आल्या होत्या. कसं कोण जाणे, पण त्यांच्याकडे अशी नोंद झाली की घरातला कर्ता प्रवासात आहे. आता कर्ता आहे म्हटल्यावर त्याची संमती लागते. सोबत कागद जोडला आहे. फुली मारलेल्या जागी सही करून उलट टपाली पाठव. दुसरं काही मागत नाही. २६ तारखेला समितीची बैठक आहे आणि यंदाची ती शेवटचीच. उरलेला पैसा वर परत जातो.

चिमणी तुझी आठवण काढते, असं लिहिणार होतो.

अण्णा


१२ फेब्रुवारी

भोवऱ्या,

उत्तर नाही. पत्र परतही आलेलं नाही, म्हणजे पोचलं. माणसं खोटं बोलतात, टपाल बोलत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की 'नोंद झाली'. काल संध्याकाळी चिमणी व्याकरणाचा अभ्यास घेऊन बसली होती. वाक्यातला कर्ता ओळखा. हा माझा हातखंडा विषय. तिने विचारलं, "अण्णा, 'पाणी सांडलं' यात कर्ता कोण?"

मी म्हटलं, "पाणीच."

"पाणी स्वतःहून कसं सांडेल? कोणीतरी सांडणार ना?"

सूनबाई खाली बसून एका मोटारीची जळालेली तार उसवत होती. मान वर न करता म्हणाली, "आपल्या घरात सगळं आपोआपच होतं, बाळा. कप फुटतो. दूध उतू जातं. कंपनी बंद पडते. बाबा निघून जातात. कोणी काही करत नाही."

मी तिथेच बसलो होतो, भोवऱ्या.

तर आता वाक्य सरळ करून लिहितो. नोंद झाली नाही, मी सांगितलं. तपासणीच्या बाई आल्या तेव्हा सूनबाईच्या दातांत स्क्रू धरलेला होता, दोन्ही हात मोटारीत. बाईंनी विचारलं, "घरातला कर्ता कोण?" ती स्क्रू तोंडातून काढेपर्यंत मी बोलून मोकळा झालो. "माझा मुलगा. सध्या प्रवासात आहे." किती सहज आलं ते. लयसुद्धा बरी होती. बाईंनी शब्दशः उतरवून घेतलं. सूनबाईने स्क्रू काढला आणि माझ्याकडे पाहिलं. बाई दाराबाहेर पडल्यावर एवढंच म्हणाली, "खिडकीतून सांगायची सवय गेली नाही तुमची."

परवा आम्ही दोघं त्या कार्यालयात जाऊन आलो. रांगेत एक न्हावी होता, दोन शिंपिणी, आणि एक पदवीधर, त्याला तळलेले पदार्थ विकायची गाडी लावायची होती आणि ते आईला कळू द्यायचं नव्हतं. बाई वाईट नाहीत. कंत्राटावर आहेत, स्वतःची नोकरीही वर्षभराचीच म्हणाल्या. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे कर्त्याची सही. दुसरा म्हणजे अर्जदार बाई परित्यक्ता आहे असं सासरच्या वडीलधाऱ्याने समितीपुढे तोंडी सांगायचं. मग कर्ज तिच्या एकटीच्या नावावर, कोणाची सही नको.

परित्यक्ता. कवितेत आला असता तर मी या शब्दावर थांबून दाद दिली असती.

मी बाईंना म्हटलं, "सही येईल. टपाल जरा मागे-पुढे होतं."

जिन्यावर सूनबाई म्हणाली, "अण्णा, नाही आली तर?"

"येईल गं."

"नाही आली तर तुम्ही सांगाल?"

"असला शब्द मी तुझ्याबद्दल उच्चारायचा?"

"माझ्याबद्दल नाही तो. त्यांच्याबद्दल आहे." मग दोन पायऱ्या उतरून म्हणाली, "आणि मला त्याचं काही वाटत नाही. लोकांनी टाकलेले पंखेच उचलून आणते ना मी? ते फिरतात."

तू सही कर. मला त्या खोलीत तो शब्द बोलायला लावू नकोस. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं आहे का? लिहिताना लक्षात येतंय की नाही मागितलं. बहुतेक तिथेच चुकलं.

अण्णा


१९ फेब्रुवारी

भोवऱ्या,

तुझं पत्र काल दुपारी आलं. पाकिटावरचं अक्षर पाहून मी उभ्या उभ्याच ते फाडायला लागलो, तेव्हा पोस्टमन म्हणाला, "अण्णा, बसून उघडा." मी जिन्यातच बसलो.

चारच ओळी आहेत. आधी वाटलं, पाठीमागेही काही असेल. उलटून पाहिलं, कोरं होतं.

तू लिहितोस, संमती देणार नाही, कर्ज माझ्याच नावावर काढा. घरातला कर्ता मी आहे हे तुम्हीच सांगितलं आहे. पैसे माझ्या खात्यावर जमा होऊ देत, मशीनचं वगैरे मी बघतो. मंजूर झालं की कळवा, सहीला येतो.

'सहीला येतो.' हे दोन शब्द मी किती वेळा वाचले ते विचारू नकोस.

पत्र सूनबाईला दाखवलेलं नाही. उशीखाली ठेवलं आहे. रात्रभर मानेला टोचलं. काल जेवताना ती म्हणाली, "आज टपाल?" मी मान हलवली. मान हलवली एवढंच, हो की नाही ते मलाही सांगता येणार नाही. निकाल लागेपर्यंत त्याने थांबावं म्हणून तिने घड्याळवाल्याला इसारादाखल स्वतःच्या कानातलं दिलं आहे, हे मला चिमणीकडून कळलं. मोबाइलवाला रोज दुकानासमोर उभा राहून फूटपट्टीने फळ्या मोजून जातो.

आज सकाळी तिला न सांगता मी कार्यालयात गेलो. बाईंना म्हटलं, "कर्ज मुलाच्या नावावर करता येईल का?"

त्या म्हणाल्या, "येईल. कर्ता तेच आहेत ना, तुम्हीच सांगितलंत. बैठकीत तसं म्हणा, नाव बदलून टाकू. पण मग काम कोण करणार?"

"सून."

"आणि पैसे?"

मी म्हटलं, "मुलगा घरी येईल हो त्या निमित्ताने."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "आजोबा, ही कर्जाची योजना आहे, माणसं परत आणायची नाही. तशी योजना नाहीये आमच्याकडे."

परत येताना फार दमलो. बागेच्या कठड्यावर बसलो तर समोर शाळा सुटली. तुझ्या डोक्याचा मागून दिसणारा भोवरा मला गर्दीत ओळखता यायचा, त्यावरून तर तुझं नाव पडलं. मला वाटत राहिलं, हो म्हणून टाकावं. पैसे काय, सरकारचे. तू येशील, दारात बॅग ठेवशील, चार दिवस तोंड लपवशील, मग पाचव्या दिवशी मागच्या खोलीतून तुझा ओरडा ऐकू येईल, "तार ताणून धर!" माणसं याच रस्त्याने परत येतात. थोडा लोभ, थोडी लाज. यावं कसं का होईना.

पण एक गोष्ट मला खुपते आहे. तुझ्या चार ओळींत चिमणीचं नाव नाही. एवढंच सांग, ती आता कितवीत आहे? बरोबर लिहिलंस तर मी समितीपुढे तुझंच नाव सांगेन. सूनबाईचे पाय धरीन, पण सांगेन. हा मी तुला शब्द देतो आणि शब्द देताना मला माझीच भीती वाटते.

या वेळी पहिला शब्द मी सांगणार नाही.

अण्णा


२६ फेब्रुवारी

भोवऱ्या,

आज बैठक झाली. तुझं उत्तर सकाळच्या टपालात नव्हतं. पोस्टमनला मी खालच्या चौकातच गाठलं होतं, त्याने माझ्यासमोर अख्खी थैली चाळली.

बाकावर आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. सूनबाईने तिची धुवट साडी नेसली होती, नखांत मोटारींचं वार्निश तसंच. माझ्या आतल्या खिशात तुझं पत्र. आधी तो न्हावी आत गेला आणि हसत बाहेर आला. मग एक शिंपीण गेली ती डोळे पुसत आली, कशासाठी ते कळलं नाही. मी मनातल्या मनात जहाजाची कविता म्हणायला लागलो, आणि आश्चर्य बघ, शेवटच्या कडव्यापाशी मीच अडकलो.

तेवढ्यात सूनबाई समोर बघत म्हणाली, "अण्णा, ते पत्र मी वाचलंय."

मी आतल्या खिशावर हात ठेवला.

"शुक्रवारी तुमच्या उशीचा अभ्रा धुवायला काढला तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा पेपर चालू होता. मध्ये कशाला सांगायचं?" मग म्हणाली, "आणि लंबू भावजींनी चपलांचं मला तुमच्या आधी सांगितलंय. बाईच्या चपला होत्या आणि शेजारी एक लहान मुलाचे बूट. तुम्ही तेव्हा दूध बघायला धावलात. गॅस बंद होता, अण्णा."

मग आमचा पुकारा झाला.

आत लांब टेबल, पलीकडे तिघं. मधल्या साहेबांना सर्दी होती, प्रत्येक वाक्याआधी रुमाल. तपासणीच्या बाई कडेला बसून वाचून दाखवत होत्या. अर्जदार विवाहित, व्यवसाय मोटार वाइंडिंग, काम तपासलं, उत्तम. साहेब म्हणाले, "आणि कर्ता प्रवासात आहे असं इथे लिहिलंय. आला का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सूनबाईने पाहिलं नाही. ती टेबलावरच्या पंख्याकडे बघत होती. तो खडखड करत होता.

मी उभा राहिलो. मी तुला सांगतो, तोपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. तुझं नाव माझ्या ओठांवर होतं, खिशातलं पत्र छातीला लागत होतं. म्हटलं असतं तर तू आला असतास. निदान सहीपुरता.

"साहेब," मी म्हणालो, "ते वाक्य माझं होतं. ते चुकलं. प्रवासाला गेलेला माणूस मागे राहिलेल्यांची चौकशी करतो."

साहेब रुमाल धरून थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे माझ्या मुलाने हिला आणि स्वतःच्या मुलीला टाकलं."

कर्तासुद्धा जागेवर ठेवला, भोवऱ्या. 'ही टाकली गेली' असं म्हणता आलं असतं. त्यात तू दिसला नसतास. आयुष्यभर मी तुझी वाक्यं अशीच लिहीत आलो. तुझी नोकरी गेली, तुझं मन लागेना, तुझा पत्ता हरवला.

बाजूचे कारकून म्हणाले, "मग परित्यक्ता लिहू?"

सूनबाई म्हणाली, "लिहा काय ते. पण धंदाही लिहिलाय ना नीट? आणि साहेब, या पंख्याचं बेअरिंग गेलंय. तेल घालून उपयोग नाही."

साहेबांना हसू आलं आणि हसता हसता शिंक आली. मग विचारलं, "तर घरातला कर्ता कोण लिहायचा?"

"ही," मी म्हणालो.

कारकून घुटमळले. "रकान्यात 'कर्ता' आहे. बाईंचं नाव कसं…"

"व्याकरणात बाई असली तरी कर्ताच म्हणतात," मी सांगितलं. "बिनधास्त लिहा."

आम्ही बाहेर आलो. सूनबाईने माझा हात धरला आणि आम्ही तसेच चालत घरी आलो. वाटेत ती एकदाच बोलली. "पास झालात. पण अभ्रे आता तुमचे तुम्ही धुवायचे."

निकाल आठवड्याने लागणार आहे. घरी आल्यावर मी दार लावून घेतलं आणि रडलो. तुझ्यासाठी, हे लपवत नाही.

अण्णा


११ मार्च

भोवऱ्या,

तू लिहिलं होतंस, मंजूर झालं की कळवा. म्हणून कळवतो. मंजूर झालं. कर्ज तिच्या नावावर आहे, हप्ते तीच फेडील. घड्याळवाल्याने कानातलं परत दिलं आणि भिंतीवर एक घड्याळ मागे ठेवलं, ते अर्धा तास पुढे आहे. मोबाइलवाला समोर उभा राहून बघून गेला, दुसऱ्या दिवशी घरचा मिक्सर घेऊन आला.

मी दुपारी दुकानात बसतो. गिऱ्हाईक काय बिघडलं ते सांगतं, मी ते पाटीवर खडूने लिहितो. लोकांची सवय जात नाही. "आपोआप बंद पडला हो," म्हणतात. सूनबाई विचारते, "शेवटचा कोणी लावला होता?" आणि मग हळूहळू खरं बाहेर येतं.

चिमणी सहावीत आहे. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. आता तू विसरलास तर तो तुझा विसर.

घरी यावंसं वाटलं तर आधी सूनबाईला पत्र घालून विचार, पाकिटावर तिचं नाव लिही. उत्तर ती देईल किंवा देणार नाही. मी मध्ये नाही. दुकान मात्र सकाळी उघडतं आणि तिथे कोणीही येऊ शकतं. काही बिघडलेलं असेल तर घेऊन ये. ती उघडून बघते आणि दुरुस्त होण्यासारखं आहे की नाही ते तोंडावर सांगते.

अण्णा